नाव विसरलेली माय

शिरड शहापूरच्या सिंधूबाईनं उभ्या घराचा राग पत्करून येशूला धरलं होतं. मेंढरांमागं फिरताना ती त्याचीच गाणी म्हणायची. म्हातारपणी मात्र तिच्या ध्यानात काही राहीनासं झालं. गाणी गेली, प्रार्थना गेली. लेक साधना एकदा म्हणाली, "माय, येशूचं नाव तरी घे," तर तिनं विचारलं, "कोन येशू, बाई?"

साधनाच्या काळजाचं पाणी झालं. ज्याचं नावच ओठावर नाही, तो मायला कसा तारणार? पास्टरनं समजावलं, तिला पटलं नाही.

माय खंगत चालली. एका सांजेला मेंढ्या चरून वाड्यात आल्या आणि दिवसभर कोंडलेली कोकरं दिसेल तिच्या आचळाला झोंबली. नुकतंच जन्मलेलं एक कोकरू सगळ्यांच्या ढुशा खाऊन थरथरत उभं राहिलं. साधना त्याला उचलायला वाकली.

"काहून हात लावून राहिली?" बाजेवरून माय खेकसली. "त्याला काय कळतंय, येडे? त्याची माय हुंगून घील त्याला."

तेवढ्यात एक मेंढी आली, तिनं कोकराला हुंगलं आणि पोटाशी घेतलं.

साधना बाजेपाशी बसली. "आन् तुला कोन वळखील, माय?"

"मी ज्याची हाय, त्यो," म्हातारी म्हणाली आणि कुशीवर वळली.

पुढल्याच आठवड्यात माय गेली, नाव न घेताच. खांद्याला भावकीतलं कुणी आलं नाही. ओल्या मातीवर हात ठेवून साधना पोटभर रडली. पण माय कुठं गेली असेल, हे तिनं पास्टरला विचारलं नाही.