छावणीत शिकलेली फेक

दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला, असं माय सांगायची. उजव्या पायात जीव नव्हताच, डाव्यात थोडा होता. घरात मी हातांवर सरकायचे, बाहेर कुबड्यांवर जायचे. त्यामुळे माझे दंड वयाच्या मानाने जाड झाले होते. पोलकं शिवताना शिंपी दरवेळी बाह्यांपाशी अडायचा.

मी सातवीत होते त्या वर्षी सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला. विहिरीचा तळ दिसला, कडबा संपला, आणि गावच्या सोसायटीने गेवराईच्या रस्त्याला गायरानात चारा छावणी उघडली. वडील टोळीबरोबर ऊसतोडीला गेले होते. माय, मी, दोन बैल आणि एक म्हैस असे आम्ही छावणीत राहायला गेलो. वर हिरवी जाळी, खाली माती, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांची जनावरं. शाळा तिथून जवळ होती, त्यामुळे मला ते घरापेक्षा बरंच वाटलं.

सहकारी कारखान्याकडून रोज सकाळी ट्रॉली भरून वाढं यायचं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. त्याच्या पेंढ्या बांधलेल्या असत. गर्दीत मला उभं राहता येत नाही हे बघून ट्रॅक्टरवाल्याने एके दिवशी मला उचलून ट्रॉलीतच बसवलं.

"हितं बस. खाली टाकीत जा," तो म्हणाला.

मी टाकत गेले. काही पेंढ्या ट्रॉलीच्या चाकापाशीच पडायच्या, काही पार दुसऱ्या रांगेपर्यंत जायच्या. ताकद तीच, मग असं का होतं हे मला कळेना. मी बुडख्याकडून धरून बघितलं, मग शेंड्याकडून. हात लवकर सोडला, उशिरा सोडला. डाव्या हाताने ट्रॉलीचा काठ घट्ट धरला की उजव्या हातातली पेंढी लांब जाते, हे पाच-सहा दिवसांनी ध्यानात आलं. त्याचं कारण मात्र सापडलं नाही. मायला मी खाली उभं करायचे आणि कुठवर गेली ते विचारायचे.

"आज म्हशीच्या पुढं गेली," ती सांगायची. "पण कावून इतकी लांब टाकतीस? लोकांना तितकं चालावं लागतंय."

आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचे बैलही छावणीत होते. सर एकदा बराच वेळ ट्रॉलीपाशी थांबून माझ्याकडे बघत राहिले.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई सर. बघत गेले."

"बसून गोळाफेक असते, ठाऊक आहे का? खुर्चीवर बसून. त्याच्या स्पर्धा होतात."

मला ते खोटंच वाटलं. शाळेत खेळाच्या तासाला मी सगळ्यांच्या चपला राखत बसायचे. पण दुसऱ्या दिवशी सरांनी पिशवीतून गोळा आणला. मी तो पेंढीसारखा फेकला आणि तो माझ्या पुढ्यातच धपकन पडला. सर म्हणाले, गोळा फेकायचा नसतो, मानेपासून ढकलायचा असतो. ढकलायचा म्हणजे काय हे मला आठवडाभर समजलं नाही.

समजलं ते बैलामुळे. त्याला चारा घालताना तो सारखं तोंड खुपसायचा आणि मी तळहाताने त्याचं मुस्काट मागे लोटायचे. एकदा लोटता लोटताच जाणवलं की जोर हातातून नाही, पाठीतून येतो आहे. मी तशीच कुबड्या घेऊन सरांकडे गेले आणि गोळा मागितला. त्या दिवशी गोळा खरंच लांब गेला.

विभागीय स्पर्धा औरंगाबादला होती. मायने जनावरं शेजारणीवर सोपवली आणि ती, सर आणि मी एसटीने गेलो. मैदानावर पोचले आणि मी गोळा विसरूनच गेले. आमच्या गावात माझ्यासारखी मी एकटीच होते. इथे एका पायाने उड्या मारत सराव करणारा मुलगा होता, कोपरापासून हात नसलेली मुलगी होती, चाकाच्या खुर्चीत बसून शेंगा खाणारे दोघे भाऊ होते. मला आयुष्यभर लोकांनी जसं टक लावून बघितलं, तशीच मी बघत होते. शेजारी बसलेल्या एका मुलीच्या ते लक्षात आलं. मी नजर खाली घातली.

"बघ की," ती म्हणाली. "मी बी तुलाच बघतेय. तुझे दंड कशानं झाले असले?"

मी तिला पेंढ्यांचं सांगितलं. तिने ते फार मन लावून ऐकलं.

मला लोखंडी खुर्चीवर बसवून मांड्यांवरून पट्टा आवळला. पहिली फेक लांब गेली, पण पंचांनी लाल झेंडा दाखवून ती बाद केली, कारण जोर लावताना मी बैठकीवरून उचलले गेले होते. दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी मी घाबरून हलकाच ढकलला आणि सात जणींत पाचवी आले. ती शेजारची मुलगी पहिली आली.

मला रडू यायला हवं होतं, पण डोक्यात वेगळंच चाललं होतं. मी तिच्याकडे सरकत गेले आणि विचारलं, "तू उचलली कावून जात न्हाईस?"

तिने खुर्चीपुढचा उभा दांडा दाखवला. "डाव्या हातानं हा वर ओढायचा. खाली दाबायचा न्हाई, दाबला की आपणच उचललो जातो." मग माझा हात धरून दांड्यावर ठेवला आणि किती ओढायचं तेही दाखवलं.

परतीच्या एसटीत मायने विचारलं, "तिनं सांगितलं कसं काय तुला? उद्या तूच तिला हरवशील की."

"मलाबी तेच कळंना," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, छावणी उठली आणि मी गावात परतले. सरांनी गावातल्या सुताराकडून लाकडी खुर्ची करवून घेतली. त्या वर्षी मी विभागात दुसरी आले. पहिली पुन्हा तीच. नंतर आम्ही दोघी चार वेळा राज्यपातळीवर एकत्र खेळलो. मी तिला एकदाच हरवलं. त्या दिवशी तिने येऊन माझा खांदा चाचपला आणि विचारलं, "या वेळी काय येगळं केलंस?"

मी तिला सगळं सांगितलं.