इंद्रजालाची जात

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांना कशाचंही नाव विचारलं, की म्हणतात, "अंदाज सांगते, नाव नाही सांगत." गच्चीत सापडलेल्या किड्याचं नाव त्यांनी मला आठवड्याने सांगितलं, तेही जिना उतरता उतरता.

एकदा चहाला आल्या आणि देवघराशेजारच्या चौकटीपुढे थबकल्या. काचेमागे काळ्या, जाळीदार फांद्यांचं इंद्रजाल होतं. घराला दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी ते पंचवटीतून आणलं होतं.

"काकू, ही वनस्पती नाही. समुद्रातला प्राणी आहे, प्रवाळ. घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे."

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी वाद घातला नाही. खालून सूक्ष्मदर्शक आणला, फांदीच्या बुडाचा एक कण ब्लीचमध्ये विरघळवला आणि सासूबाईंना बघायला बसवलं. संक्रांतीच्या हलव्यासारखे बारीक काटेरी दाणे उरले होते.

"या दाण्यांच्या आकारावरून जात ओळखतात," बाई म्हणाल्या.

"मग याची कुठली?"

"कूळ सांगते. जात अजून नाही कळली."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी ते वनखात्यात जमा करायला गेलो. कारकुनाने 'वाळकी फांदी' लिहिलं. बाईंनी ते खोडायला लावून 'प्राणी' लिहून घेतलं, पण जातीचा रकाना काही भरू देईनात.

"मॅडम, काहीतरी सांगा ना," तो वैतागला.

सासूबाई पुढे झाल्या. "राहू द्या कोरा. दाणे मी स्वतः पाहिलेत. इतक्यात नाही सांगता येत."