आपोआप लागणारा दिवा

गेल्या महिन्यात बडोद्यात तापाची साथ आली होती. आमच्या घरात मी एकटाच, त्यामुळे ती कोणाच्या वाट्याला येणार हा प्रश्नच नव्हता...

माझी सगळी नोकरी बाजव्याकडच्या एका प्लँटमध्ये, इन्स्ट्रुमेंटेशनला झाली. माणसाला उठून जावं लागू नये, व्हॉल्व्ह आपोआप उघडावेत, पंप आपोआप बंद व्हावेत, हे बघायचं. रिटायर झाल्यावर ही खोड घरात शिरली. सुनंदा, माझी बायको, म्हणायची की आता पोळ्यांनाही एखादा सेन्सर लावा.

मग सुनंदा गेली. दिवेलागणीला देवापाशी निरांजन आणि दारातला बल्ब, ही दोन्ही कामं तिची. मला काही ती वेळ लक्षात राहीना. कधी कधी जेवायला उठताना कळायचं की घरभर अंधार आहे आणि आपण नुसत्या लॅपटॉपच्या उजेडात बसलोय...

म्हणून सेन्सरवाला एलईडी बल्ब आणला. अंधार पडला की लागतो, उजाडलं की विझतो, वीजही नावालाच खातो. पाण्याच्या मोटरलाही स्विच बसवला, टाकी भरली की आपली आपण बंद. अगदी स्वस्तात घर माझ्यावाचून चालायला लागलं, आणि मला त्याचा कोण अभिमान!

तर ताप. अंगात उठायचं त्राण नव्हतं. पलंगावरून दारातल्या बल्बचा उजेड दिसायचा, त्यावरून संध्याकाळ झाली एवढं कळायचं. गोळ्या होत्या, बिस्किटं होती. दार वाजवणारं तेवढं कोणी नव्हतं.

खरं सांगतो, फार राग आला होता. समोरच हंसाबेन राहतात, सुनंदाची जिवाभावाची मैत्रीण. इतकी वर्षं थेपल्यांचे आणि पुरणपोळ्यांचे डबे इकडून तिकडे गेले, आणि आता मी मेलोय की जिवंत आहे हेसुद्धा कोणी विचारत नाही? बायको होती तोवर शेजार होता, असं मी ठरवूनच टाकलं. उशीत तोंड खुपसून रडलोसुद्धा.

त्यातच पुण्याहून मुलीचा, मुग्धाचा फोन आला. तापाबद्दल बोललो नाही. पण ती कधीपासून मागे लागली होती की बाबा, घर विका आणि इकडे या... त्या दिवशी मी हो म्हणालो. इथे माझं आता कोणी उरलेलं नाही, असंही म्हणालो. ती बिचारी म्हणाली की चांगला ब्रोकर शोधते.

ताप उतरल्यावर दूध आणायला म्हणून भिंतीला धरत बाहेर पडलो. हंसाबेन तुळशीला पाणी घालत होत्या. माझा अवतार बघून तांब्या तिथेच ठेवून धावत आल्या आणि काय झालं म्हणून विचारायला लागल्या. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की मरता मरता वाचलो, तुम्हाला कशाला कळेल.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. सुनंदाकडून शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "भाई, लाइट तर रोज लागत होती ने... मी रोज बघते. लाइट लागली, म्हणजे भाई मजामां."

मला काहीच कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं.

सुनंदाने शेवटच्या आजारात त्यांना सांगून ठेवलं होतं... आमचे हे कोणाला काही सांगणार नाहीत, दुखलं तरी बोलणार नाहीत. तू आपली संध्याकाळी आमच्या दारातला दिवा लागतो की नाही, तेवढं बघत जा. तेव्हापासून कुकर चढवायच्या आधी रोज हंसाबेन खिडकीशी येऊन बघत होत्या. मी विसरलो आणि अंधार दिसला, की कढी जास्त झाली असं काहीतरी निमित्त काढून वाटी घेऊन यायच्या.

ती कढी मला चांगली आठवत होती. ती यायची बंद झाली होती, हेही माझ्या लक्षात होतं. सुनंदा गेली, जिव्हाळा आटला, असा हिशेब मी मांडला होता... कढी बंद झाली ती मी तो बल्ब लावला त्या आठवड्यापासून. मी तापाने फणफणत आत पडलो होतो आणि तो शहाणा बल्ब रोज संध्याकाळी गल्लीला सांगत होता, सगळं ठीक आहे!

त्याच दिवशी बल्ब बदलला. हंसाबेन स्टूल धरून उभ्या होत्या आणि पडाल म्हणून मला रागावत होत्या. आता साधा बल्ब आहे, बटण दाबलं तरच लागतो. घर अजून रिकामंच आहे, ते काही बल्बने भरत नाही. संध्याकाळ अजूनही अंगावर येते.

परवा चष्म्याची काडी बसवायला मांडवीच्या बाजारात गेलो होतो. गर्दी ही अशी, त्यात दुकानदाराने ताटकळत ठेवलं. बाहेर पडलो तर दुकानांचे दिवे लागलेले, आणि खिशात फोन वाजत होता.

"भाई, लाइट नथी लागली. क्यां छो?"

मी म्हटलं, मांडवीत आहे, निघतोच. बरं म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो... सुनंदा गेल्यापासून मला घरी यायला उशीर झाला तर तो कोणाला कळतच नव्हता. भर बाजारात डोळे पुसत बसलेल्या म्हाताऱ्याकडे लोक बघत होते. बघू देत.

तिथूनच मुग्धाला फोन लावला आणि ब्रोकरला इतक्यात काही सांगू नकोस म्हणालो. ती घाबरून विचारायला लागली, का, काय झालं बाबा?

म्हटलं, सावकाश सांगतो. आत्ता घरी जाऊ दे, दिवा लावायचा राहिलाय.