धुक्यात वाढवलेले दिवे

धुक्यात भरदिवसा गाडीचे दिवे लावतो म्हणून आम्हाला जे हसतात, त्यांनी खुशाल हसावं. आम्ही दिवे लावणार. पुरेसा उजेड नसेल तेव्हा दिवे लावा, असं नियम सांगतो. सूर्य उगवलाय का, हे तो विचारत नाही.

मुलीला पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात नोकरी लागली. तिनं शिफ्ट बसनं जावं की आमची गाडी घेऊन, यावर घरात वाद झाला. माझी आत्या बसच्या बाजूनं. शेवटी ठरलं, की धारला नात्यात मुंज आहे, देवासहून तिथपर्यंत गाडी मुलीनं चालवायची. मी शेजारी बसायचं, पण स्टिअरिंगला हात लावायचा नाही. लावावा लागला, तर नोकरीला शिफ्ट बसनंच जायचं.

इंदूर मागे पडलं आणि हरभऱ्याच्या शेतांतून धुकं रस्त्यावर आलं. मला विजेचे खांब मोजायची सवय आहे. एरवी दहा-बारा दिसतात, आता तिसरा दिसेना. मुलीनं खालच्या झोताचे दिवे लावले, वेग तीसवर आणला. बरोबर केलं.

समोरून येणारा जो तो मूठ उघडमीट करून खुणावू लागला, की दिवा चालू राहिलाय. एका गतिरोधकापाशी जुन्या मोटरसायकलवरचा माणूस खिडकीशी आला.

"मैडम, बत्ती जलती रह गई. बैटरी बैठ जाएगी."

"रह नहीं गई भिया, जलाई है. आप भी जला लो."

"दिवाली तो कब की निकल गई," असं म्हणत तो बिनदिव्याचा पुढे गेला आणि लगेच दिसेनासा झाला.

मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "अगं, सगळे हात दाखवताहेत. वाढव बघू ते दिवे."

आमच्या घरात 'दिवा विझव' कुणी म्हणत नाही. नारळ वाढवतात, तसा दिवाही वाढवतात. मुलगी हिंदी शाळेत शिकलेली. तिला ऐकू आलं ते 'बढ़ाओ', आणि तिनं वरचा झोत लावला.

समोर पांढरी भिंत उभी राहिली. पहिला खांबसुद्धा गेला. माझा हात मांडीवरून उचलला जात होता, तो मी दाबून धरला. मुलीनं झोत खाली आणला आणि ब्रेक लावला. चाऱ्यानं भरलेली एक ट्रॉली, मागे एकही दिवा नसलेली, आमच्या बॉनेटपासून दोन हातांवर उभी होती.

पाठोपाठ मागे ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर उतरून आला. "पीछे की लाल बत्ती नहीं दिखती तो मैं चढ़ा देता," एवढंच बोलून तो परत गेला.

"मी बंद कर म्हटलं होतं," आत्या म्हणाली.

"तुम्ही वाढव म्हणालात, आत्याआजी."

"तेच ते."

"आत्या," मी म्हणालो, "तिला तुमचं बोलणं नीट कळलं असतं, तर मागचे लाल दिवेही गेले असते."

धारला पोचलो. पंगतीत आत्यानं विषय काढला. "पोरीनं ट्रॉलीत गाडी घातलीच होती. बसच बरी." चार माना डोलल्या.

"घातली नाही, थांबवली," मी म्हणालो. "आणि मी हात लावला नाही. ठरलं ते ठरलं."

"निदान परत जाताना तरी तू चालव."

"नाही. मी मागे बसतो. तुम्ही पुढे बसा आणि ती कशी चालवते ते बघा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"देवासला बस जाते."

आत्या पुढे बसली, तोंड फुगवून. देवास येईपर्यंत तिला मुलीच्या चालवण्यात एक चूक सापडली नाही, आणि ती शोधत नव्हती असं मी म्हणणार नाही. मुलगी आता रोज गाडी घेऊन जाते. शिफ्ट बससाठी तिचं नाव मी दिलेलं नाही, आणि देणारही नाही.