नातीला आणायला सिंगापूरला

चांगी विमानतळाबाहेर पाऊल ठेवलं आणि चष्म्यावर वाफ धरली. असली दमट हवा! समोर सून मृणाल आणि तिचा हात धरून सहा वर्षांची ईरा. मी काही मौजेला आले नव्हते, हे आधीच सांगते. मुलगा जहाजावर इंजिनिअर, निम्मं वर्ष समुद्रात. सून बँकेत. पोर कामाच्या बाईच्या हाती वाढतेय, मराठी विसरतेय. तेव्हा तिला काही वर्षं कोल्हापूरला माझ्याजवळ ठेवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. आजीकडे वाढलेली मुलं काय वाईट निघाली? मुलगा फोनवर 'तू म्हणशील तसं' म्हणाला. सून काहीच बोलली नाही, म्हणजे तिचा होकारच. ईराचं तिकीट माझ्याबरोबरच काढलं होतं.

आधी भटकून घेतलं. बमबोटीने (फटफट आवाज करत जाणारी छोटी होडी) पुलाउ उबीन बेटावर गेलो. तिथली कांपोंग घरं (खेड्यातली जुनी पत्र्याची घरं) बघून जीव निवला. एका माकडाने माझ्या हातातली केळ्यांची पिशवीच लांबवली. मायलेकी पोट धरून हसल्या. मी माकडाला अस्सल कोल्हापुरी शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी वाचनालय. इथं ते मॉलमध्ये असतं आणि मुलं खुशाल जमिनीवर लोळून वाचतात. ईराने एक चित्रांचं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागली. पुस्तक ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं. सरकारी माणसं मोटारीतून यायची आणि आईच्या कुशीतली मुलं उचलून न्यायची. कशासाठी, तर त्यांना चांगलं वळण लागावं म्हणून! नवी नावं द्यायची, घरची भाषा बोलली तर शिक्षा. उजळ रंगाची मुलं आधी न्यायचे, म्हणून मोटारीचा आवाज आला की आया पोरांना कोळसा फासायच्या. एवढं वय झालं माझं, हे कधी कानावर आलं नव्हतं. शेवटच्या पानावर सरकार माफी मागतं आणि सगळे शेजारी-शेजारी बसतात. 'मेले कुठले!' मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की तिथल्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"सॉरी म्हटल्यावर मुलं परत दिली?" ईराने विचारलं.

"तोवर ती म्हातारी झाली होती, बाळा," मी म्हटलं.

पुढे रविवारी ईस्ट कोस्टला गेलो. मृणाल साते (काडीला लावून भाजलेलं मटण, वर शेंगदाण्याची चटणी) आणायला गेली. मी समुद्र बघत बसले. वळते तर काय, शेजारच्या शेगडीतला विझलेला कोळसा घेऊन ईराने कपाळ, गाल, हात, सगळं काळं केलेलं! आधी मला हसूच आलं. पदर भिजवून पुसायला गेले तर ती मागे सरकली.

"पुसू नको, आज्जी. मग तू मला नेशील."

पायाखालची जमीन सरकली माझ्या. बाकावरच्या एका चिनी बाईने ओला रुमाल पुढे केला आणि प्रेमाने म्हणाली, "वॉश फेस, देन गो होम लाह." तोंड धू आणि घरी जा, हे ऐकून ईराला घर म्हणजे कोल्हापूरच वाटलं आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

तेवढ्यात मृणाल साते घेऊन आली. मी तिच्यावरच उखडले. मनात नव्हतं तर बोलायला तोंड नव्हतं का?

"आई, तुम्ही तिच्या भल्याचंच म्हणत होतात," ती खाली मान घालून म्हणाली. "भल्याला नाही कसं म्हणायचं, तेच मला कळेना."

मला माझीच भीती वाटली. त्या आयांच्या दुःखाशी आमची बरोबरी करीन तर माझी जीभ झडो. मी काही लेकरू हिसकावत नव्हते. पण पुस्तकातल्या त्या सरकारी साहेबांनाही आपण भलंच करतोय असं वाटत असणार, आणि विचारायचं कुणाला राहिलं, तर आईला. तिथंच बसून मी मृणालला ईराचं तिकीट रद्द करायला लावलं. मग कुठं पोरीने तोंड पुसू दिलं.

परत एकटीच आले. गल्लीतल्या बायका अजून विचारतात, नातीला आणणार होता ना, काय झालं? मी एवढंच सांगते, तिला आई आहे.