बिटाच्या सुपाचं वजन

त्यांना सगळे जावईबापू म्हणायचे. कुणा बड्या घरचे जावई होते म्हणून नव्हे, तर शहराची ओल्या कचऱ्याची गाडी चालवायचे म्हणून. हॉटेलं, खानावळी, ऑफिसांची कॅन्टीनं, सगळ्यांच्या मागच्या दाराशी रोज गाडी लावायची, उष्ट्याचे डबे उचलायचे आणि गावाबाहेरच्या गॅस प्रकल्पात नेऊन रिकामे करायचे. पण त्या मागच्या दाराशी यांचा थाट बघावा! कुणी खुर्ची पुढे करतंय, कुणी चहा आणतंय, कुणी ‘बसा हो, घाई कसली’ म्हणतंय. सासुरवाडीला एवढा मान मिळत नाही. कारण उघड होतं. कुणाचं किती अन्न वाया जातं हे या माणसाला पक्कं ठाऊक, आणि ते त्यानं चारचौघांत बोलू नये एवढीच सगळ्यांची इच्छा. जावईबापू कधी बोललेही नाहीत. गोष्टी पोटात ठेवायला माणूस एक नंबर.

फेरीतलं शेवटचं दार मात्र त्यांच्या स्वतःच्या बायकोचं होतं. ती एका मोठ्या ऑफिसच्या कॅन्टीनमधली मुख्य स्वयंपाकीण. सगळं ऑफिस तिला काकू म्हणे. काकूंचा हात सढळ, जीभ त्याहून सढळ, आणि जीव कशात अडकलेला, तर बिटाच्या सुपात. त्याचं असं झालं, लग्नानंतर थोड्याच दिवसांत जावईबापू आजारी पडले. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. काकूंनी बीट उकडलं, घोटलं आणि वाट्या भरभरून नवऱ्याला पाजलं. नवरा उठून कामाला लागला. गोळ्याही चालू होत्या, पण गोळ्यांचं कौतुक कोण करतो? तेव्हापासून घरी रोज रात्री नवऱ्याच्या ताटाशी सुपाची वाटी ठरलेली. नवऱ्याला मानवलं ते जगाला मानवेलच, असं म्हणून काकूंनी ते सूप कॅन्टीनमध्ये सुरू केलं.

आणि ते रोज ताटांतून परत यायचं. उष्टी ताटं बाहेरच डब्यात रिकामी व्हायची, त्यामुळे चुलीपाशी उभ्या काकूंना ते दिसायचं नाही. काय सांगावं! सगळ्या शहराच्या डब्यांत काकूंचा डबा लांबून ओळखू यायचा. भात लाल, पोळ्या लाल, अंड्याची टरफलंसुद्धा लाल.

‘‘काय हो, आज आमच्या डब्यात काय होतं?’’ काकू घरी आल्या आल्या विचारायच्या.

‘‘कुठे काय! लोकांनी चाटूनपुसून खाल्लेलं दिसतंय.’’

झालं. काकूंना वाटलं, लोकांना सूप पुरत नाही. दुसऱ्या दिवशी पातेलं मोठं आलं. जावईबापूंनी पुन्हा थाप मारली, पातेलं आणखी मोठं झालं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. बरं, आता खरं सांगावं तर आधीचं खोटं उघडं पडतं, आणि न सांगावं तर डबा उचलताना कंबर मोडते.

त्यातच शहराचा नवा नियम आला. कॅन्टीनवाल्यांनी उष्टं कमी करायचं. महिनाअखेरीला मुकादम काटा घेऊन येणार, आणि ज्याचा डबा ठरल्यापेक्षा जड भरेल त्याचं स्वयंपाकघर बंद. जेवण बाहेरून, बांधून येणार. काकूंना काळजी नव्हती. ‘‘आपला डबा तर रिकामाच असतो ना,’’ त्या म्हणायच्या. जावईबापू मनातल्या मनात रोज डब्याचं वजन करायचे.

वजनाच्या आदल्या संध्याकाळी ते न्हाणीघरात शर्ट घासत बसले होते. काकू पाण्याची बादली घ्यायला आल्या आणि किंचाळल्या, ‘‘अहो! रक्त? कुठं लागलं?’’ शर्ट हिसकावून घेतला, उजेडात धरला, वास घेतला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. ‘‘हे माझं सूप आहे.’’

आता काय लपवायचं? जावईबापूंनी सगळं सांगून टाकलं. आणि वर समजूत घालायला म्हणाले, ‘‘पण अगं, वाया नाही जात ते. त्याचा गॅस होतो. कितीतरी घरांच्या शेगड्या पेटतात तुझ्या सुपावर.’’

‘‘मी ते माणसांच्या पोटात जायला केलं होतं!’’ काकूंचे डोळे भरले. ‘‘माझं स्वयंपाकघर उद्या जाईल, आणि तुम्ही रोज थापा मारत बसलात? जगानं नाही सांगितलं, तुम्ही तरी सांगायचंत.’’ मग थोडं थांबून, ‘‘आणि तुम्हाला? तुम्हाला तर आवडतं ना?’’

जावईबापूंनी शर्ट पिळायला घेतला.

त्या रात्री काकूंनी ताट वाढलं, पण सुपाची वाटी वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी मागच्या दाराशी गाडी लावली. मुकादम काटा मांडून तयार. डबा काकूंनी स्वतः ओढत आणला. लाल नव्हता! काटा ठरलेल्या खुणेला जेमतेम टेकला. जावईबापूंनी सुस्कारा सोडला.

‘‘आणि ते काय?’’ मुकादमानं दाराआडच्या छोट्या पातेल्याकडे बोट केलं. पातेल्यात सूप होतं.

काकूंनी सांगितलं, ‘‘तुमच्या जावईबापूंच्या शब्दावर माझा भरवसा राहिला नाही. म्हणून थोडंसंच केलं आणि स्वतः उभी राहून एकेकाला विचारलं, घेणार का? सगळे इतकं गोड बोलून नाही म्हणाले की मलाच कानकोंडं झालं.’’

‘‘टाकायचं असेल तर तेही डब्यात,’’ मुकादम म्हणाला. ‘‘नियम म्हणजे नियम.’’

ते पातेलं डब्यात पडलं की काटा खुणेच्या पुढे जाणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

‘‘टाकतंय कोण?’’ काकू पायरीवर बसल्या आणि वाटीनं सूप भरून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी मीठ बघायला चमचाभर चाखलं असेल तेवढंच. वाटीभर कधी प्यायल्या नव्हत्या. माझं रक्त चांगलं आहे, म्हणायच्या. आता मोठा घोट घेतला. गाल फुगले, डोळे मिटले, कसाबसा तो गिळला.

‘‘अहो,’’ त्या हळूच म्हणाल्या, ‘‘हे तुम्ही इतकी वर्षं प्यायलात?’’

‘‘तू समोर बसायचीस ना.’’

जावईबापू त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले, त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि तिच्यातलं उरलेलं सूप एका दमात पिऊन ती पुन्हा पातेल्यात बुडवली.