मैद्याची खळ आणि काळं जहाज

नव्वदच्या दशकात मस्कतच्या वादी अदाईत माझं फ्रेमिंगचं दुकान होतं. माझं म्हणायचं ते बोलण्यापुरतं. लायसन्स अर्बाबच्या, म्हणजे आमच्या ओमानी मालकाच्या नावावर, पाटी अरबीत, आणि आत बसून काचा कापणारा मी, रेवदंड्याचा. कुराणातल्या आयती, लग्नाचे फोटो, गणपती, सगळं एकाच टेबलावर फ्रेम व्हायचं आणि कुणाची कधी तक्रार नव्हती.

एका हिवाळ्यात अर्बाब स्वतः एक चित्र घेऊन आले. जपानी लोक खोलीत आडोशाला घडीचे पडदे उभे करतात, त्यातला हा एक सुटा भाग. माझ्या खांद्याएवढा उंच कागद, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि वर्खावर पोर्तुगीजांचं काळं जहाज बंदराला लागलेलं. लांब नाकांचे, फुगलेल्या विजारीतले फिरंगी किनाऱ्यावर उतरतायत आणि दुकानांच्या दारांत उभे असलेले जपानी लोक त्यांच्याकडे टकामका बघतायत. काही शतकांपूर्वी हे व्यापारी पहिल्यांदा तिकडे पोचले, तेव्हा तिथल्या चित्रकारांची काय करमणूक झाली असेल ते त्या नाकांवरूनच कळत होतं. मला फिरंग्यांचं अप्रूप नव्हतं. रेवदंड्याला त्यांच्या तटबंदीच्या आत आमच्या लोकांच्या नारळी आहेत. अर्बाबलाही नव्हतं, कारण मस्कतच्या बंदरावर त्यांचे किल्ले अजून उभे आहेत.

“हमने निकाला, तुमने निकाला, जपान ने भी निकाला,” अर्बाब म्हणाले. “फिर भी तस्वीर अच्छी है.”

ती त्यांनी लंडनला लिलावात घेतली होती आणि बौशरच्या घरी आपल्या बसायच्या खोलीत लावायची होती. एकच अट होती. चित्र कशावरही चिकटवायचं नाही. वरच्या कडेला कागदी पट्ट्या लावून नुसतं टांगतं ठेवायचं.

दुकानात माझ्या हाताखाली तेव्हा दादा होते. दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. पेणला घरच्या, कागदाच्या लगद्याच्या गणपतींच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. मग भावकीत वाटण्या झाल्या आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस रिकाम्या हातांनी घरी बसला. बायकोने वर्षभर लकडा लावला, तेव्हा मी त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. अर्बाबचा शब्द असा होता की काम बघतो, पसंत पडलं तर पक्का व्हिसा, नाहीतर खलास. व्हिजिटची मुदत आता संपत आली होती. दादांना परत जावं लागलं असतं, तर गावात तोंड दाखवायला त्यांना जागा नव्हती आणि घरात मला.

त्यात पंचाईत अशी की दुकान मी चालवायचो आणि ते नात्याने मोठे. चूक झाली तरी ओरडायची सोय नाही. तोंडात आलेला शब्द चहाबरोबर गिळायला मी शिकलो होतो. माझ्या स्वभावाला ते सोपं नव्हतं.

एका सकाळी मला खाबुऱ्याला जावं लागलं. तिथल्या एका बागायतदाराच्या नव्या मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, मोठ्या फ्रेमा बसवायच्या होत्या. निघताना मी म्हटलं, “दादा, अर्बाबचं चित्र तेवढं राहू द्या. मी आल्यावर बघू.” अट काय आहे ते मात्र सांगितलं नाही. तेवढं पुरेल असं वाटलं.

दुपार कलल्यावर परतलो. टेबलावर ते चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलेलं होतं. इतकं सपाट, इतकं नीट, की कडेखाली नख शिरेना.

“बघा भावोजी,” दादा म्हणाले. “किती सुरकुत्या होत्या. एक ठेवली नाय. रिकामा बसून काय करू?”

आमच्या दुकानातला पांढरा गम एकदा धरला की लाकूड तुटेल, पण सांधा सुटायचा नाही. पक्का व्हिसा गेला, दुकान गेलं, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. हातातली पिशवी भिंतीवर फेकावी असा राग आला होता. पण दादा समोर उभे होते, तेही शाबासकीची वाट बघत.

“सगळीकडे गम लावलात?” मी एवढंच विचारलं.

“गम कशाला? तुमच्या गमाची बोटांवर सालं धरतात. खळ केली मैद्याची. कारखान्यात आम्ही खळच वापरायचो.”

खळ म्हणजे सुटायची आशा होती. मग एकदम आठवलं की आपल्याकडे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतात, आणि त्याचा निळा-हिरवा डाग कागदाला कायमचा.

“मोरचूद घातलंत?”

“इथं कुठलं मोरचूद? मागायचं कुणाकडं?”

मस्कतमध्ये मोरचूद कुठे मिळतं हे दादांना माहीत नव्हतं, याचा इतका आनंद मला कधी होईल असं वाटलं नव्हतं. खळ पाण्याला सुटते. पण चित्राचे रंगही पाण्याला भिणारेच. म्हणजे पाणी द्यायचं ते पाठीमागून, पुठ्ठ्याला, आणि तेही बेताने. मी दादांना अर्बाबची अट सांगितली. त्यांचा चेहरा उतरला.

“मला परत पाठवतील?”

“यल्ला, चला, चादर आणा,” मी म्हटलं.

धुतलेल्या चादरीवर आम्ही चित्र पालथं घातलं, पुठ्ठ्यावर ओला फडका ठेवला आणि पुठ्ठा भिजेल तसा त्याचा एकेक पापुद्रा सोलत गेलो. शेवटचा पापुद्रा आला तेव्हा मी घाईने नख घालायला गेलो.

“तुम्ही बाजूला व्हा भावोजी,” दादा म्हणाले. “ओला कागद साच्यातून काढायची मला सवय आहे.”

मी बाजूला झालो. एका कोपऱ्याशी ते बराच वेळ अडले. तिथे फुंकर मारत, करंगळीच्या नखाने खळ खरवडत ते नुसते बसून राहिले. सूर्य बुडून मगरिबची अजान झाली तेव्हा पुठ्ठ्याचा शेवटचा तुकडा सुटून त्यांच्या हातात आला. आम्ही चित्र उलटलं. जहाज जागेवर होतं, वर्ख जागेवर होता, नाकंही होती तेवढीच लांब. मला हसू फुटलं ते आवरेना. दादाही हसायला लागले. छातीवरचं ओझं उतरणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

अर्बाबपुढे यातलं काही बोलायचं नाही, असं मी दादांना बजावलं. दुसऱ्या दिवशी अर्बाब आले आणि त्यांना खुर्ची देण्याआधीच दादा बोलून मोकळे झाले.

“अर्बाब, मैंने इसको पुठ्ठे पे चिपकाया था. इनको मालूम नहीं था. फिर मैंने निकाला.”

मी डोळे मिटून घेतले. अर्बाबनी चित्र उजेडात नेलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

“किससे चिपकाया?”

“मैदा.”

“जपान वाले भी आटे से ही चिपकाते थे,” अर्बाब म्हणाले. “तुम्हारा नसीब अच्छा है.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “इसका पासपोर्ट किसके पास है?”

पासपोर्ट माझ्याच कपाटात होता. दादांना परत पाठवायलाच तो मागतायत असं मला वाटलं.

“शनिवार को लेकर आओ, पक्का कर देंगे,” ते म्हणाले. “चिपकाने वाले बहुत मिलते हैं. निकालने वाला पहली बार देखा.”

त्या संध्याकाळी रुवीच्या कार्डफोनवरून मी घरी फोन लावला. बायकोने माझी खुशाली विचारलीच नाही.

“दादाचं काय झालं?”

“राहतायत इथेच. पक्कं झालं.”

पलीकडून काहीच आवाज येईना. लाइन गेली असं वाटून मी हॅलो हॅलो करत राहिलो. लाइन गेली नव्हती. ती रडत होती, आणि कार्ड संपेपर्यंत मी ते ऐकत उभा राहिलो.